सतरावा परिच्छेद

बातमी खालून कापायची असते, हे मला नाशिकच्या एका दैनिकात रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली. जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद जातो, मग त्याच्या वरचा. कापणाऱ्याला फार विचार करावा लागू नये म्हणून बातमी मुळातच तशी रचलेली असते. दोहात एका इंग्रजी बातम्यांच्या संकेतस्थळावर उपसंपादक म्हणून आले तेव्हा कागद मागे पडला होता आणि जागेचा प्रश्न उरला नव्हता. नियम मात्र राहिला. फोनवर वाचणारा माणूस सहा परिच्छेदांच्या पुढे जात नाही, असं आमच्या डेस्कप्रमुखांचं मत होतं. वृत्तसंस्थेकडून आलेली बातमी कितीही लांब असली तरी आम्ही ती सहावर आणत असू.

आम्ही दोहाजवळच्या अल वक्राला राहतो. समोरच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचं कुटुंब आहे. भाई उत्तरेकडच्या गॅस प्रकल्पात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहेत. सकाळी कंपनीच्या बसने जातात, असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज होईस्तोवर परत येतात. भाभी घर बघतात. त्यांची एकुलती एक मुलगी तेव्हा बारावीत होती आणि टेनिस खेळायची. किती चांगलं खेळते ते मला कळत नसे. एवढं दिसे की आठवड्यातले पाच दिवस भाई तिला अल अझीझियाला कोर्टवर नेतात, दोन तास गाडीतच बसतात आणि घेऊन येतात.

या घरातले कागद माझ्याकडे यायचे. शाळेचं पत्र, विम्याचा फॉर्म, भाड्याचा करार. भाईंना इंग्रजी येत नव्हतं असं नाही. प्लांटमधली मॅन्युअल्स ते माझ्यापेक्षा वेगाने वाचतील. पण पत्राचं वेगळं, असं ते म्हणत. पत्रात लिहिलेलं एक असतं, म्हणायचं दुसरंच असतं, आणि ते ओळखणं हे पेपरवाल्यांचं काम. मुलगी चिडून इंग्रजीत सांगायची की मला वाचता येतं. तू पण वाच, भाई म्हणायचे, पण ताईंनी वाचलं की खलास.

त्या हिवाळ्यात अमेरिकेतून दोन पत्रं आली. पहिलं एका मध्यम आकाराच्या विद्यापीठाचं होतं: टेनिस संघात जागा आणि पूर्ण शिष्यवृत्ती. दुसरं एका लहान कॉलेजचं होतं. त्याचं गाव नकाशावर शोधावं लागलं. तिथेही संघात जागा होती, पण शिष्यवृत्ती अर्धी, आणि उत्तर एका ठरलेल्या शुक्रवारपर्यंत हवं होतं. दोन्ही पत्रं मी भाईंच्या बैठकीत मराठीत वाचून दाखवली. विद्यापीठाला तोंडी होकार गेला. सह्यांचे कागद यायचे होते. कॉलेजला मात्र नकार कळवला नव्हता. कारण विचारलं तर भाई म्हणाले, होडी धक्क्याला बांधून होईपर्यंत दुसरी दोरी सोडायची नसते.

त्या शुक्रवारच्या आधीच्या बुधवारी बातमी आली. ते विद्यापीठ आपली जुनी लीग, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, सोडून मोठ्या लीगमध्ये जाणार होतं.

दोहातल्या डेस्कला अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या खेळाशी काय कर्तव्य, असं कोणी विचारेल. इथे अमेरिकी विद्यापीठांच्या शाखा आहेत, आणि दुहैलकडच्या कंपाउंडांमधून, म्हणजे भिंतीआडच्या वसाहतींमधून, राहणारे अमेरिकी लोक आमचे वाचक आहेत. आपलं विद्यापीठ कोणत्या लीगमध्ये गेलं यावर ते आठवडाभर बोलू शकतात. म्हणून अशा बातम्या आम्ही घेत होतो. ही अठरा परिच्छेदांची होती. शीर्षक आणि वरचा भाग सगळा फुटबॉलचा, म्हणजे त्यांच्या फुटबॉलचा. मी सहा परिच्छेद ठेवले, बाकीचे निवडून डिलीट केले, शीर्षकात एक क्रियापद बदललं आणि पुढच्या बातमीकडे वळले. या कामाला दहा मिनिटंही लागली नसतील.

संध्याकाळी मेट्रोतून उतरून घरी आले तर समोरचं दार उघडंच होतं. मुलीने आमच्या साइटवरची बातमी आधीच घरच्या ग्रुपवर टाकली होती. तरी भाईंनी मला बसवलं आणि वाचायला सांगितलं. मी माझे सहा परिच्छेद मराठीत वाचले. मोठी लीग, मोठी नावं, टीव्हीवर सामने. भाईंनी दोनदा विचारलं, यात वाईट काही नाही ना? मी म्हटलं, नाही. विद्यापीठाच्या टेनिस प्रशिक्षकाचा मुलीला मेसेजही आला होता: लवकरच बोलू. तो आम्ही सगळ्यांनी अभिनंदनाचा धरला.

शुक्रवारी भाभींनी सांदणं केली. तांदळाच्या रव्याची, वाफेवरची, नारळाच्या रसातली, आमच्याकडे मोठं ताट आलं. जेवणं झाल्यावर भाई म्हणाले, आता दुसरी दोरी सोडू या. कॉलेजला नकाराची मेल मी लिहिली. चार वाक्यं होती. आभार, निर्णय, त्यांच्या संघाला शुभेच्छा, पुन्हा आभार. मुलीने खाली स्वतःचं नाव घातलं आणि पाठवली. मेल चांगली होती असं मला तेव्हा वाटलं होतं, आणि ते इथे नोंदवलं पाहिजे.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, डेस्कप्रमुखांनी त्याच विषयावर समजावून सांगणारा लेख मागितला. ही विद्यापीठं लीग का बदलतात? वाचकांना गोंधळ होतोय. मी मूळ बातमी काढली आणि पहिल्यांदा पूर्ण वाचली.

सतराव्या परिच्छेदात लिहिलं होतं की नव्या लीगमधला खर्च पेलण्यासाठी विद्यापीठ या मोसमानंतर चार खेळ बंद करत आहे. त्या चारांत महिलांचं टेनिस होतं. अठराव्यात स्टेडियमची आसनक्षमता होती.

मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. मग उठून पाणी प्यायले आणि लेख लिहायला बसले, कारण तो दोनपर्यंत द्यायचा होता.

लेखासाठी जे वाचलं ते थोडक्यात असं. लीग मुळात शेजाऱ्यांच्या होत्या. सकाळी बसमध्ये बसायचं, खेळायचं, रात्रीपर्यंत आपल्या वसतिगृहात परत. मग टीव्ही आला. टीव्हीला शनिवारचे तास भरायचे असतात आणि ते भरण्याइतका प्रेक्षक फक्त फुटबॉल आणतो. हक्क एकेका विद्यापीठाचे विकले जात नाहीत, अख्ख्या लीगचे विकले जातात, आणि आलेले पैसे सभासदांत वाटले जातात. म्हणजे लीगमध्ये नावं जितकी मोठी तितका वाटा मोठा. लीग दूरची नावं ओढू लागल्या. एक मोठं विद्यापीठ निघून गेलं की मागे राहिलेल्या लीगचा भाव पडतो, मग दुसरं निघतं. आधी कोण निघालं हे महत्त्वाचं राहत नाही. शेवटी कोण उरणार, याची भीती सगळ्यांना चालवते. या हिशेबात टेनिस कुठेच नाही. पण फुटबॉल ज्या लीगमध्ये जाईल तिथे टेनिसलाही जावं लागतं, आणि दोन तासांच्या बसच्या जागी चार तासांचं विमान येतं. तिकिटं, हॉटेलं, बुडालेले तास. ज्या खेळाने काही कमावलं नाही तो अचानक महाग होतो.

विद्यापीठाच्या क्रीडा संचालकाचं लेखी निवेदन बातमीत होतं. मी ते तीनदा वाचलं. त्याला दोष देता येईल अशी जागा शोधत होते हे उघड होतं. तो म्हणत होता की आम्ही गेलो नसतो तर पाच वर्षांत चार नाही, दहा खेळ बंद करावे लागले असते. हे खरं की खोटं ते कोणालाच सिद्ध करता येणार नाही. पण वाक्य बेफिकीर माणसाचं नव्हतं.

लेखात मी बंद होणारे चार खेळ पहिल्या परिच्छेदात घेतले. डेस्कप्रमुखांनी ते पाचव्यात नेले. लोकांना फुटबॉल हवाय, ते म्हणाले. ते चुकत नव्हते. आकडे त्यांच्या बाजूने असत. बुधवारच्या बातमीखाली मी बंद होणाऱ्या खेळांबद्दल एका ओळीची भर घातली. डेस्कच्या दृष्टीने प्रकरण तिथे संपलं.

असरनंतर मी समोरची बेल वाजवली. मूळ बातमीचे प्रिंट काढून नेले होते. भाई नुकतेच बसमधून उतरून आले होते, हात-तोंड धुऊन बसले होते. भाभी चहा ठेवायला उठल्या, मी त्यांना थांबायला सांगितलं. मुलगी रॅकेटची पकड गुंडाळत होती. आधी सतरावा परिच्छेद वाचला, मग तो बुधवारी का नव्हता ते सांगितलं. क्रम मी येतानाच ठरवला होता.

मग मुलीने विचारलं. ती माझ्याशी नेहमी इंग्रजीत बोलते, त्या दिवशी मराठीत बोलली, थांबत थांबत.

"आंटी, तुम्ही ते वाचून कापलं, की न वाचता?"

"न वाचता."

तिने मान हलवली. ती नाराज झाली असती तर मला सोपं गेलं असतं. तिला फक्त माहिती हवी होती. मी नंतर पुष्कळदा विचार केला की दुसरं उत्तर दिलं असतं तर ते बरं ठरलं असतं का. वाचून कापलं असतं तर मी वाईट माणूस ठरले असते. न वाचता कापलं म्हणजे मी माझं काम नीट करत होते.

भाई कागदाकडे बघत होते. "ताई," ते म्हणाले, "तुमच्या पेपरात आमच्यासारख्यांची बातमी नेमकी कुठल्या नंबरला सुरू होते, ते एकदा सांगून ठेवा. आमी तिथूनच वाचू."

भाभींनी त्यांना गप्प केलं. मी म्हटलं, राहू दे, बरोबर बोलतायत. मग मी कॉलेजला मेल लिहिण्याबद्दल बोलले. नकार जाऊन दोनच दिवस झाले होते, तेही शनिवार-रविवार. जागा अजून दिली नसेल. मुलगी रॅकेट ठेवून लॅपटॉप घेऊन आली. मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. सहा वाक्यं झाली. परिस्थिती, गैरसमज, विनंती.

मेल गेल्यावर मी विद्यापीठाच्या त्या संचालकाबद्दल काहीतरी बोलले. कठोर असावं. भाईंनी हात वर केला.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. मुलगी लहान असताना वक्राच्या मागच्या मोकळ्या मैदानावर शुक्रवारी क्रिकेट चालायचं. सहा संघ, सहाही एकाच खाडीच्या दोन्ही काठांवरच्या गावांचे. जुम्म्याची नमाज झाली की सामना. ज्या संघाची पाळी असेल त्याने पाहुण्या संघाला जेवू घालायचं, ही रीत होती. जिंकलं-हरलं कोणी लक्षात ठेवत नसे. कोणाच्या बिर्याणीत मीठ कमी होतं ते वर्षभर निघायचं. भाई त्यांच्या गावच्या संघाचे कप्तान होते. एकदा विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या एका माणसाने इंडस्ट्रियल एरियात मोठी स्पर्धा काढली. रंगीत जर्सी, मागे नाव, सामने यूट्यूबवर लाइव्ह, गावाकडे लोक बघणार. सहांतल्या दोन संघांना बोलावणं आलं.

"आमी गेलो," भाई म्हणाले. "मी हात वर केला होता पहिला. अम्मी मोबाइलवर बघणार होती ना मला."

उरलेल्या चार संघांची पाळी दोन महिन्यांत मोडली. चारांत लीग होत नाही. एखादा संघ आला नाही की शुक्रवार रिकामा. नव्या स्पर्धेत डबे बाहेरून यायचे, ज्याचा तो कोपऱ्यात बसून खायचा. दुसऱ्या मोसमात भाईंच्या संघाला कोणीतरी सांगितलं की गावचीच पोरं घ्यायची सक्ती कशाला, बाहेरचे तीन चांगले घ्या. तिसऱ्या मोसमात त्या संघात त्यांच्या गावचं कोणी राहिलं नाही. भाईसुद्धा नाही. मैदानावर आता व्हिला आहेत.

"तेव्हा त्या साहेबाला शिव्या घालू नका," ते म्हणाले. "न जाणारा माणूस मी अजून बघितला नाय. आणि अम्मीने दोनच सामने बघितले. म्हणाली, पोरा, तू दिसतच नाहीस, नुसत्या जाहिराती दिसतात."

मुलगी हसली. त्या संध्याकाळी तेवढंच हसणं झालं.

मंगळवारी कॉलेजच्या प्रशिक्षक बाईंचं उत्तर आलं. मुलीने ते मला दाखवलं. बाईंनी लिहिलं होतं की जागा अजून कोणाला दिलेली नाही, पण दुसऱ्या एका मुलीशी बोलणं सुरू आहे. पुढे लिहिलं होतं: तुझी दोन्ही पत्रं फार चांगली लिहिलेली आहेत, आणि त्यांतून तू मला कळली नाहीस. आमच्या संघात आठ जणी असतात आणि त्या खूप वेळ एका बसमध्ये एकत्र असतात. तुला खरंच यायचं असेल तर तूच लिही.

मी म्हटलं, मी काही सुचवू का. मुलगी नाही म्हणाली, नम्रपणे. तिने तिच्या खोलीत जाऊन लिहिलं. भाभींनी दाराबाहेरून सांगितलं की ताईंना एकदा दाखव. तिने दाखवलं नाही. त्या पत्रात काय होतं ते मला आजही माहीत नाही, आणि मी विचारलेलं नाही.

पुढचे नऊ दिवस उत्तर आलं नाही. दरम्यान विद्यापीठाचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं की टेनिस नसलं तरी पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती ते देतील. हे पत्र भाईंनी माझ्याकडे आणलं. मी ते आधी खालून वर वाचलं, मग वरून खाली. तिसऱ्या पानावर, खालच्या बाजूला, पुढच्या वर्षांबद्दल कोणतीही हमी नसल्याचं वाक्य होतं. मी ते मोठ्याने वाचलं. भाईंनी कागद घडी करून खिशात ठेवला. अल अझीझियाला जाणं त्यांनी एकही दिवस बंद केलं नव्हतं. मुलगी कोर्टवर असताना ते गाडीत काय करतात हे मी कधी विचारलं नव्हतं. भाभींनी सांगितलं, एसी बंद करून झोपतात, पेट्रोल वाचतं म्हणून. आता झोपत नाहीत, म्हणाल्या. नुसते बसून राहतात.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपून भाई थेट आमच्या दाराशी आले. हातात प्रिंट होते. मुलगी त्यांच्या मागे उभी होती. तिने मेल सकाळीच वाचली होती आणि काय आहे ते त्यांना सांगितलंही होतं. तरी ते म्हणाले, "वाचा. सगळं वाचा, शेवटपर्यंत."

आम्ही त्यांच्या बैठकीत बसलो. मी मराठीत वाचत गेले. जागा तिची होती. शिष्यवृत्ती आधी सांगितलेलीच, अर्धी; त्यात वाढ करता येत नाही याबद्दल दिलगिरी. लीगमध्ये सात कॉलेजं, सगळी एकाच राज्यातली, सर्वांत दूरचं बसने अडीच तासांवर. तिथे भाईंनी थांबवलं.

"हे कॉलेज पण उद्या दुसरीकडे गेलं तर?"

मी सांगितलं की त्यांच्या सामन्यांचे हक्क कोणी विकत घेत नाही. कुठलाही टीव्ही त्यांना दाखवत नाही. त्यांना दुसरीकडे बोलावण्याचं कोणाला कारण नाही.

"म्हणजे कोणाला नको म्हणून टिकून आहेत."

"तसंच."

"बरं आहे," भाई म्हणाले. "पुढे."

पुढे वसतिगृहाची माहिती, लसीकरणाचे कागद, व्हिसासाठी लागणारं पत्र कधी येईल ते. शेवटचा परिच्छेद लहान होता. घरच्या कोर्टवर सामना असला की पाहुण्या संघाचं जेवण आपल्याकडे असतं, बाईंनी लिहिलं होतं. ज्या पालकांना जमतं ते काहीतरी करून आणतात. दुरून आलेल्या मुलींच्या घरच्यांना येता येत नाही, म्हणून त्यांच्याकडून आम्ही एकेका पदार्थाची कृती मागून घेतो आणि आमच्या परीने करून बघतो.

डेस्कवर हा परिच्छेद माझ्यासमोर आला असता तर मी तो कापला असता. आणि कोणी त्याची चौकशी केली नसती.

भाईंनी माझ्या हातातून कागद घेतला, शेवटचा परिच्छेद स्वतः वाचला, ओठ हलवत, आणि मुलीकडे बघितलं. अर्ध्या शिष्यवृत्तीचं काय, तो प्रश्न खोलीत होताच. तो त्यांनी त्या दिवशी काढला नाही. हो लिही, एवढंच म्हणाले.

मुलीने लॅपटॉप उघडला. स्वयंपाकघरातून भाभींचा आवाज आला. त्या सगळं ऐकत होत्या.

"आधी विचार त्या बाईंना," त्या म्हणाल्या, "तिथे तांदळाचा रवा मिळतो का. नसेल तर मी जाताना तुझ्या बॅगेत घालते."

मुलीने दोन्ही वाक्यं एकाच मेलमध्ये लिहिली. होकार आधी, रवा नंतर. मग तिने वरचं खाली केलं, आणि पाठवून दिलं.